पाहुण्यांचा आकडा विहिरीवर काढा

मुळशी-मावळपासून कर्जत-सुधागड-महाडपर्यंत, घाटावर आणि घाटाखाली, गटाने जमीन घेऊन पर्माकल्चरची (म्हणजे निसर्गाच्या चालीने शेती आणि राहणी रचण्याची) वस्ती उभारणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

दोन घरं उभी आहेत, तिसऱ्याचा चौथरा झालाय, कलमं अजून गुडघ्याएवढी, सामायिक स्वयंपाकघराला पत्रा आहे पण भिंती नाहीत. आणि शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास फाटकाशी चार गाड्या येऊन लागतात. वस्ती ज्या वर्षी सगळ्यात कच्ची असते, नेमकी त्याच वर्षी तिला बघायला सगळ्यात जास्त माणसं येतात. हे पत्र त्या वर्षासाठी आहे.

पाहुणे नकोत असं आमचं म्हणणं नाही. त्यांच्यामुळे चार पैसे येतात, पुढचा सभासद त्यांच्यातूनच मिळतो, आणि बारा माणसांनी वर्षभर एकमेकांचीच तोंडं बघत राहणं प्रकृतीला बरं नसतं. आमचं भांडण आकड्याशी आहे. बहुतेक वस्त्या हा आकडा खोल्यांवरून काढतात: चार खोल्या, खोलीत चार गाद्या, म्हणून सोळा पाहुणे. तो आधी विहिरीवर काढायचा, मग संडासात, आणि मग शिकवायला किती माणसं मोकळी आहेत त्यावरून. तिन्हींत जो लहान येईल तो आपला.

विहिरीचं गणित सोपं आहे, फक्त ते मे महिन्यात करायला हवं. डिसेंबरात केलेलं गणित म्हणजे पगाराच्या दिवशी केलेला घरखर्चाचा अंदाज. मेच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी सहाला पंप बंद करायचा. टेपला वजन बांधून काठावरच्या एका पक्क्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. रात्री कोणी पोहराही टाकायचा नाही. सकाळी सहाला त्याच खुणेपासून पुन्हा मोजायचं. विहीर गोल आणि पाच मीटर व्यासाची असेल, तर पाणी एक सेंटिमीटर चढलं म्हणजे साधारण १९६ लिटर आलं. बारा सेंटिमीटर चढलं तर २,३५० लिटर. तीन रात्री ओळीने मोजा आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा धरा. सरासरी काढू नका, टाकी रिकामी पडते ती सरासरीच्या दिवशी पडत नाही.

आता खर्चाची बाजू. बारा रहिवासी, माणशी ५५ लिटर, म्हणजे ६६०. जल जीवन मिशन खेड्यातल्या माणसाला हाच आकडा धरतं. तीन जनावरं, उन्हाळ्यात प्रत्येकी साठ, झाले १८०. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची तीनशे झाडं, आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर, म्हणजे रोजचे साधारण ८६०. बेरीज १,७००. शिल्लक ६५०. शहरातल्या माणसासाठी नगररचनेचं माप १३५ लिटरचं असतं. त्याला बादलीने आंघोळ करायला लावलंत, कपडे धुवायला मनाई केलीत, तरी तो ७५ च्या खाली येत नाही. ६५० भागिले ७५ म्हणजे आठ. खोल्या सोळांच्या असू देत, विहीर आठांचीच आहे.

दिवसा झिरपणारं पाणी हिशेबात धरलं नाही, याचं कारण आहे. कातळाच्या ज्या भेगांतून तुमच्या विहिरीत पाणी येतं, त्याच भेगांवर बहुधा खालच्या वाडीची विहीरही असते. तुम्ही चोवीस तास उपसलंत तर फरक तुमच्याकडे दिसणार नाही, खाली हंड्यांची रांग लांबलेली दिसेल. हिवरे बाजारात दरवर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. पाहुणा हेही एक पीक समजा, उसाच्या जातीचं.

आकडा वाढवायचाच असेल तर टाकी बांधा, बोअर मारू नका. घाटमाथ्यालगत २,५०० मिलिमीटर पाऊस सहज होतो. शंभर चौरस मीटरच्या पत्र्यावरून, वीस टक्के वाया गेलं धरूनही, हंगामात दोन लाख लिटर उतरतं. अडचण साठवणीची. पाहुण्यांपुरतं बोलायचं तर नोव्हेंबर ते मेअखेर साधारण तीस आठवडे, आठवड्याचे दोन दिवस, आठ माणसं, ७५ लिटर: छत्तीस हजार लिटर. म्हणजे पन्नास हजारांची एक फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा केलेली, टाकी (साडेपाच-पावणेसहा मीटर व्यास, दोन मीटर उंची) सगळ्या शनिवार-रविवारांना पुरून उरते, आणि विहिरीला हात लावावा लागत नाही.

पण ही टाकी पाहुण्यांच्या कार्यशाळेत बांधायची नाही. तिथेच ती फुटते. फेरोसिमेंटचा गिलावा सिमेंटच्या एका भागाला दोन भाग वाळू, पाणी जेमतेम, आणि भिंतीचा एक थर एका दिवसात पुरा करायचा असतो. कार्यशाळेत शनिवारी अर्धी भिंत होते, मग चहा, मग चर्चा, मग रविवारी उरलेली. त्या दोन दिवसांच्या मधला सांधा पहिल्याच पावसात पाझरायला लागतो. दुसरी जागा म्हणजे तळ आणि भिंत मिळते तो कोपरा. तिथे जाळी तळातून वर वळवून घेतलेली नसली आणि आतून गोलाई दिली नसली, की चीर ठरलेली. शिवाय चौदा दिवस ओली पोती गुंडाळून पाणी मारत राहायचं काम सोमवारपासून कोण करणार? पाहुण्यांना जाळी बांधू द्या, तारेची गाठ मारायला दहा मिनिटांत येते. गिलावा गवंड्याचा. आणि जूनमधल्या पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, पत्र्यावरची आठ महिन्यांची धूळ आणि पाखरांची विष्ठा त्यात असते.

विहिरीनंतर संडास. ह्या विषयावर वस्त्यांमध्ये भाषणं फार होतात आणि मापं कमी घेतली जातात. कोरडा संडास असेल तर माणशी रोज एकदा, दर वेळी अर्धा लिटर भुसा, तूस किंवा चुरलेला वाळका पाला टाकायचा. सगळं धरून एका वेळेला साधारण ०.८ लिटर जागा जाते. दोनशे लिटरचं पिंप अडीचशे वेळांत भरतं. बारा रहिवाशांचे आठवड्याला ८४ वेळा होतात, म्हणजे एक पिंप तीन आठवडे चालतं. आठ पाहुणे दोन दिवस राहिले तर शंभर होतात आणि पिंप अडीच आठवड्यांत भरतं. पंचवीस पाहुण्यांना बोलावलंत तर १३४, पिंप तेरा दिवसांत. आता ते पिंप आपल्या हवेत किमान एक वर्ष झाकून ठेवायचं असतं, तेव्हा कुठे त्याचं सोनखत होतं. वर्षाचा हिशेब लावा: पाहुणे नसतील तर सतरा-अठरा पिंपं, आठ पाहुण्यांना एकवीस, पंचवीस पाहुण्यांना अठ्ठावीस. ही पिंपं सावलीत, पुराच्या पाण्यापासून वर, तारीख रंगवून ओळीने ठेवायला शेड लागते. ती शेड नसली की सहा महिन्यांचं पिंप घाईने केळींत रिकामं होतं. जंतांची अंडी सहा महिन्यांत मरतातच असं नाही. वर्ष पूर्ण झालेलं सोनखतसुद्धा फळझाडांच्या बुंध्यालाच घालायचं. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात कधीच नाही.

वास आणि अळ्या येतात त्या पाण्यामुळे. आपण धुणारी माणसं. परदेशी नमुन्यातला एका भोकाचा संडास इथे महिन्याभरात सडतो, कारण प्रत्येक जण तिथेच बसून धुतो. म्हणून भांडं तीन भागांचं हवं: पुढे लघवी, मध्ये भोक, मागे धुण्याची जागा. धुण्याच्या जागेला वेगळे पावटे हवेत आणि नळ किंवा तांब्या त्याच बाजूला हवा. सूचनेची पाटी कितीही मोठी लावा, नवखा माणूस पाणी जिथे हाताला लागेल तिथेच धुतो. तांब्याची जागा बदलली की निम्मा प्रश्न सुटतो. धुण्याचं पाणी आणि लघवी दहापट पाणी मिसळून केळीच्या खड्ड्याला. सॅनिटरी पॅड पाहुण्यांनी परत न्यायचे, हे आगाऊ कळवायचं. त्यासाठी संडासात जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन आणि झाकणाचा डबा ठेवायचा.

दोन शोषखड्ड्यांचा पाण्याचा संडास असेल तर हिशेब थोडा वेगळा. मीटरभर व्यास आणि मीटरभर खोलीचा खड्डा पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला तीनेक वर्षं पुरतो. दर आठवड्याला वीस माणसं वाढली की मैल्याआधी पाणीच त्याला जिरवता येत नाही, आणि पावसाळ्यात चिकण जमिनीत तो उलटा भरतो. विहिरीपासून पंधरा मीटर हे पुस्तकी अंतर झालं. जांभ्यात आणि भेगाळ कातळात ते दुप्पट करा आणि खड्डा नेहमी विहिरीच्या उताराकडच्या बाजूला घ्या.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी. पिंप कोण उपसणार? वाडीतल्या कुणाला तरी शंभर-दोनशे रुपये देऊन हे काम उरकणारी वस्ती स्वतःला काहीही म्हणवो, ती जुनंच काम नव्या नावाने करते आहे. माणसाकडून मैला उचलून घेण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी उत्तर तेच राहिलं असतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासांवर इतकी वर्षं खर्ची घातली ती खतासाठी जेवढी, तेवढीच हे काम कुणा एका जातीच्या गळ्यातून काढण्यासाठी. पाळी रहिवाशांची लावा. तीन दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्याचं नावही त्या पाळीत घाला. हे वाचून जो येणार नाही, त्याची एक गादी वाचली.

आता तिसरा आकडा, हातांचा. पाहुणे आले की कामाला मदत होते, हा समज कागदावर बरा दिसतो. चार-पाच नवख्यांमागे एक जाणता माणूस दिवसभर उभा राहावा लागतो. वीस पाहुणे म्हणजे चार जाणते गेले. बारा जणांत दोन स्वयंपाकात, एक जनावरांत, दोन आजारी नाहीतर गावाला. उरले किती ते मोजा. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते चार जण कोणत्या कामातून काढणार?

भाताच्या लावणीचंच घ्या, कारण हल्ली लावणीच्या सहली निघतात. रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं असतं. एका चुडात दोन-तीन काड्या घ्यायच्या, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत मुळाजवळ धरायच्या आणि दोन-तीन सेंटिमीटर खोल, चिखलात नुसत्या टेकवल्यासारख्या लावायच्या. पाहुण्याला वाटतं रोप पडेल. म्हणून तो मूठभर, सात-आठ काड्या घेतो आणि मनगटापर्यंत हात घालून पुरतो. पडत नाही खरं, पण खोल गेलेल्या रोपाचे फुटवे मातीखालीच अडकतात. आठ दिवसांनी बाजूचं खाचर हिरवं होतं आणि हे पिवळंच राहतं. शिवाय मागे सरकत लावायचं असतं. हा पुढे चालत लावतो आणि स्वतःच लावलेलं तुडवतो. उपाय असा की पाहुण्यांसाठी एक गुंठ्याचं वेगळं खाचर ठेवायचं, उत्पन्नाच्या हिशेबात ते धरायचं नाही, आणि शिकवायला वाडीतली लावणी करणारी बाई बोलवायची. तिला त्या दिवशी मजुरी द्यायची नाही. शिक्षकाचं मानधन द्यायचं, मजुरीच्या दुपटीहून कमी नाही. फुकटच्या हातांनी लावणी उरकून तिचा हंगामातला रोज बुडवायचा आणि संध्याकाळी शेकोटीपाशी ‘स्थानिक अर्थव्यवस्था’ या विषयावर बोलायचं, हे तिला दिसत नाही असं समजू नका.

पाहुण्यांकडून चांगली होतात ती कामं वेगळीच आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत पालापाचोळा गोळा करणं. बियाणं पाखडणं आणि निवडणं. मातीच्या विटांचा गारा पायाने तुडवणं. रोपवाटिकेच्या पिशव्या भरणं, एक जण संध्याकाळपर्यंत शंभर-दीडशे सहज भरतो. जीवामृत कालवणं: दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत गोणपाटाखाली दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. शनिवारी आलेला गट ते कालवतो, सोमवारी ते तयार असतं. निंदणी मात्र देऊ नका. नाचणीच्या रोपात तिच्यासारखंच दिसणारं गवत उगवतं, आणि नवखा माणूस निम्मी नाचणी उपटून तुम्हाला अभिमानाने ढीग दाखवतो.

आणि चर खणणं तर अजिबात देऊ नका. यावर जरा थांबतो, कारण ही चूक पुसता येत नाही. पर्माकल्चरची मांडणी बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ साली ऑस्ट्रेलियात केली. समतल रेषेवर चर खणून पाणी अडवायचं, ही त्यातली सगळ्यात आकर्षक गोष्ट, कारण दोन दिवसांत वीस जणांनी खणलं की काहीतरी झाल्यासारखं दिसतं. सोलापूर-सांगलीच्या पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसात तो चर देवासारखा आहे. सह्याद्रीच्या तीव्र उतारावर, जिथे कातळावर जेमतेम दोन फूट माती आहे आणि एका दिवसात दोनशे-तीनशे मिलिमीटर कोसळतो, तिथे पाणी अडवणं म्हणजे आधीच भिजलेल्या मातीवर आणखी ओझं ठेवणं. माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. दरडी कोसळल्याच्या ह्या तारखा घाटात राहणाऱ्या कुणाला वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. शंभरात पंधरा-वीसपेक्षा जास्त उतार असेल तिथे पाणी अडवू नका, वाट करून द्या: चराला दोनशेत एक इतका हलका उतार देऊन पाणी ओढ्याकडे न्यायचं, दगडी ताली जुन्या असतील तर त्या दुरुस्त करायच्या, आणि दर चराला दगडांनी बांधलेला सांडवा ठेवायचा. हौशी हातांनी खणलेल्या चराचा बांध धुम्मस न करता नुसता फावड्याने थापलेला असतो आणि रेषा डोळ्यांनी धरलेली असते. जिथे ती चार बोटं खाली गेली, तिथे सगळं पाणी गोळा होऊन बांध फोडतं आणि खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात तुमची माती जाऊन पडते. पातळी धरायला पाण्याची नळी घ्या, दर पाच मीटरला खुंटी मारा, आणि हे काम एप्रिलमध्ये गावातल्या बांध घालणाऱ्या माणसांकडून करून घ्या. त्यांच्या आजोबांनी घातलेल्या ताली अजून उभ्या आहेत.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. जेवणाला माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम तांदूळ किंवा दोन भाकऱ्यांचं दीडशे ग्रॅम पीठ, चाळीस ग्रॅम डाळ, दीडशे ग्रॅम भाजी. पहिली तीन वर्षं यातलं बहुतेक तालुक्याच्या दुकानातूनच येणार. तसं ते पाहुण्यांना सांगा, ‘सगळं आपल्या शेतातलं’ म्हणू नका. पैसे घेऊन जेवण देत असाल तर घरगुती सिलिंडर चालत नाही, व्यावसायिक घ्यावा लागतो, आणि अन्नपदार्थांची नोंदणी करावी लागते. गोबरगॅसचा दोन घनमीटरचा संच रोज पन्नास किलो शेण खातो आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक करतो. पंचवीस माणसांचा नाही. तो बंद पडतो तो बहुधा सोमवारी. रविवारी रात्री पाहुण्यांचं उरलेलं सगळं, भात, आमटी, लिंबाच्या साली, एकदम आत ओतलं जातं आणि संच आंबतो. गॅस येतो पण पेटत नाही. मग चार-पाच दिवस खरकटं बंद, फक्त शेणकाला, तोही निम्मा, आणि बादलीभर चुन्याची निवळी. त्यापेक्षा रोज दोन-तीन किलोपेक्षा जास्त खरकटं आत जाणार नाही असं मापाचं भांडंच ठरवून ठेवा. बाकीचं कंपोस्टात, पाल्याखाली.

वणव्याचं वेळापत्रक पाहुण्यांच्या वेळापत्रकाच्या बरोबर उलटं आहे. हवा छान, रात्री मोकळं आकाश, शेकोटी हवीहवीशी, असे फेब्रुवारी-मार्च आणि गवत वाळून कोळ होण्याचे दिवस एकच. त्यात तुम्ही झाडांना वीतभर जाडीचं आच्छादन घातलेलं. पावसाळ्यात जे मातीचं पांघरूण असतं तेच मार्चमध्ये सरपण होतं. जानेवारीअखेर हद्दीला लागून चार मीटर रुंदीची जाळरेषा मोकळी करायची, हद्दीजवळच्या झाडांचं आच्छादन आत ओढायचं आणि उरलेल्यावर शेणकाला आणि माती शिंपायची. फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत शेकोटी नाही, सिगारेट नाही; वाढदिवस असला तरी नाही. आणि शेजारी राब भाजतो म्हणून त्याच्यावर अर्ज करायला धावू नका. तो शेण, पाला आणि फांद्या रचून भाताच्या रोपांसाठी जमीन तयार करतो आहे. राब भाजायचा दिवस त्याला विचारून घ्या आणि त्या दुपारी झोडपायला हिरवे डहाळे घेऊन हद्दीवर उभे राहा. नाहीतरी वणवा आला की विझवायला वाडीच धावते.

वाडीचा विषय निघालाच आहे तर. तुम्ही जागेचं नाव काहीही ठेवा, गाव तिथे आधीपासून आहे. गावठाण आहे, ग्रामसभा आहे, देवराई आहे, आणि तुमच्या जमिनीतून जाणारी पायवाट सात-बाऱ्यावर दिसली नाही तरी ती आहे. कुंपणाने ती बंद केलीत तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार ती उघडून देऊ शकतात. पण तिथवर गोष्ट जाणं हीच नाचक्की. कुंपणात माणूस जाईल एवढी फट ठेवा. होळीनंतर रिकाम्या शेतांत गुरं मोकळी सुटतात, तेव्हा रोपांना काटेरी कुडण घाला आणि गुराख्याशी भांडू नका. पाहुण्यांचे कुत्रे आणू देऊ नका. वाडीतली एक कोंबडी मेली की सहा महिन्यांचा सलोखा जातो, आणि कुत्र्याच्या मागे बिबट्या येतो तो वेगळाच. फोटो विचारल्याशिवाय नाही, घरात डोकवायचं नाही. कातकरी-ठाकर वस्ती म्हणजे सहलीतलं ठिकाण नव्हे.

कागदपत्रांचं इथे दोन ओळींत उरकतो, वकिलाकडे मात्र नीट बसा. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, म्हणून एका शेतकरी मित्राच्या नावावर घेऊन बाकीच्यांनी तोंडी वाटे धरायचे, ही पद्धत पहिल्या घटस्फोटापर्यंत किंवा पहिल्या मृत्यूपर्यंत टिकते. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि ‘सगळे घेतात’ हा दाखला चालत नाही. मुक्कामी पाहुणे घेणार असाल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करा. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत ऑनलाइन नोंद द्यावीच लागते. पोलीस पाटलांनाही सांगून ठेवा.

मग पाहुण्यांना बोलवायचं कधी? महाराष्ट्राच्या सीमेला लागून उंबरगावजवळ नैसर्गिक शेती करणारे भास्कर सावे यांची ‘कल्पवृक्ष’ बाग होती. लांबलांबून माणसं येत, पण बाग बघायची वेळ ठरलेली: शनिवारी दुपारी. असा नेम हा उद्धटपणा नव्हे. महिन्यातून एक रविवार फक्त बघायला, सकाळी नऊ ते बारा, जेवण नाही. महिन्यातून एक शनिवार-रविवार मुक्कामाला, विहिरीच्या आकड्याइतकेच. आणि तीन आठवड्यांच्या वर राहणाऱ्यांसाठी दोन जागा, याच खऱ्या उपयोगाच्या, कारण पहिला आठवडा शिकण्यात जातो, दुसऱ्यात चुका होतात आणि तिसऱ्यात काम होतं. लावणीचे पंधरा दिवस आणि मेचा दुसरा पंधरवडा पूर्ण बंद. पाहुण्यांच्या पैशावर एकूण खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भार टाकू नका. त्यापुढे गेलं की वस्ती त्यांच्या आवडीप्रमाणे वाढायला लागते. आधी झोपाळे येतात, शेणखताचा खड्डा लांब जातो, आणि मग एके दिवशी पाण्याचा टँकर येतो.

आगाऊ पाठवायच्या पत्रात मोजकं लिहा: टॉर्च, बंद बूट, ताट-वाटी, साबण इथला वापरायचा, कपडे धुवायचे नाहीत, गाडी चौघांत एक. झोपायला मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेल्या. ही शिफारस डासांपुरती नाही. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, दंश अनेकदा टोचल्याइतकाही जाणवत नाही, आणि पापण्या जड होईपर्यंत कळत नाही. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आज आहे, हे दर महिन्याला फोन करून विचारायचं आणि फळ्यावर तारखेसह लिहायचं. चावा कापायचा नाही, आवळून बांधायचा नाही. अवयव हलू न देता उचलून न्यायचं. १०८ ची गाडी वस्तीपर्यंत येते का, हे एकदा पावसाळ्यात तपासून बघा. येत नसेल तर ती कुठल्या फाट्यापर्यंत येते आणि तिथवर माणूस कशावर न्यायचा, ते ठरलेलं असू द्या. डोली करायला दोन बांबू आणि चादर स्वयंपाकघराच्या आढ्याला टांगलेली असावी.

इतकं सगळं ठरवूनही एखादा न कळवता येणारच. कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा वर्गमित्र, बायको-मुलांसकट, दुपारी दोनला, आकडा भरलेला असताना. त्याला फाटकातून परत पाठवू नका, आपल्याकडे तशी रीत नाही. ओट्यावर बसवा, गूळ-पाणी द्या, पोरांना भूक असेल तर भात-आमटी वाढा, तासभर फिरवून विहीर आणि पिंपांची ओळ दाखवा. त्याच्याकडे गाडी असेल तर घाट उजेडी उतरायला सांगा. नसेल तर फाट्यावरून शेवटची एसटी किती वाजता जाते, ते फळ्यावर विहिरीच्या आकड्याखालीच लिहून ठेवलेलं असावं.

आपले,
वस्त्यांची विहीर, संडास आणि चूल यांची कामं करणारे काही जण